झाकणभर कडू

काकूंची खोली बघायला मी हैदराबादेत बरकतपुऱ्यात गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव, लग्न, घरी कोण कोण असतं यातलं काहीच विचारलं नाही. माझ्यापुढे चहाचे तीन कप ठेवले आणि म्हणाल्या, "यातले दोन एकाच भांड्यातले आहेत. एक निराळा. कुठला ते सांग."

मी उन्हातून आले होते, पाठीवर बॅग होती आणि 'एकटी मुलगी' म्हणून बऱ्याच घरमालकांनी मला दारातूनच वाटेला लावलं होतं. त्यामुळे मुकाट्याने चहा पिऊ लागले. तिन्ही कप सारखेच लागत होते. पुन्हा पहिल्यापासून प्यायले आणि शेवटी म्हणाले, "ओळखू येत नाही हो."

"असं नक्को म्हणू. ओळखू नाही आलं तरी एक उचलायचाच. नियम आहे."

मी मधला उचलला.

"कुठं निराळा लागला?"

"जरा जास्त उकळलाय."

"कसा ते नाही विचारलं गं. कुठं लागला? बोट ठेव."

मी बावळटासारखं गालावर, दाढेच्या जरा वर बोट ठेवलं. काकूंचा चेहरा खुलला. भाडं, नळाची वेळ, गच्चीची किल्ली हे सगळं त्यांनी मग उभ्या उभ्या उरकून टाकलं. पुण्यात आईला फोन करून सांगितलं, खोली मिळाली, घरमालकीण मराठी आहे, थोडी विक्षिप्त आहे. 'थोडी' हा शब्द मी आईसाठी घातला होता.

त्या घरात येणारा प्रत्येक माणूस ही परीक्षा देऊनच आत येत असे. अंबरपेठेतल्या त्यांच्या नणंदबाई पायरी चढता चढताच ओरडत, "वैनी, मला नुस्तं पाणी द्या, आणि एकच पेला द्या!" जावई मुलगी बघायला आला तेव्हा त्याच्यापुढे तीन वाट्या वरण आलं होतं म्हणे. त्याने चुकीची वाटी उचलली, पण उचलताना "नक्की नाही, पण ही" असं म्हणाला, म्हणून पास झाला. ठामपणे चुकणारी माणसं काकूंना अजिबात चालत नसत. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल काकू प्रेमाने बोलत, पण शेवटी एक वाक्य हटकून येई, "माणूस सोन्यासारखा, पण जीभ म्हणशील तर लाकूड."

काकूंचं मूळ घराणं उदगीरकडचं, शेतीवाडीचं. आजोबांच्या वेळेला सगळे हैदराबादला आले आणि इथलेच झाले. काकूंनी रसायनशास्त्र शिकून एका औषधाच्या कंपनीत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. काम काय, तर लहान मुलांच्या कडू औषधांची चव घ्यायची. औषध कडू असतं हे आपल्याला माहीत असतं, पण ते किती कडू असावं हे ठरवायला कुणाला तरी पगार देऊन बसवतात हे मला काकूंना भेटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तीन नमुने ठेवायचे, दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायचा, ही पद्धतही तिथलीच. नोकरी संपली, पद्धत घरी आली.

कडूच्या बाबतीत त्यांची मतं पक्की होती. कारल्याचा कडूपणा पुढे पुढे करतो आणि लवकर निघून जातो. मेथीचा जाताना तोंड गोड करून जातो. कडुनिंब मात्र उठायचं नाव घेत नाही. आणि तापाच्या गोळीचा कडूपणा घशात ठाण मांडतो, त्याला उठवायला गूळही कमी पडतो. "चांगलं आणि वाईट हे दोन शब्द चप्पल काढतो तिथं काढून ठेवायचे," असं त्या म्हणत. माझ्या तोंडून चुकून "मस्त झालीय भाजी" निघालं की त्या हात थांबवून वाट बघत बसत. मग मला मस्त म्हणजे काय ते सांगावं लागे. तोवर भाकरी निवून जाई.

आता माझ्या नोकरीबद्दल. पुण्यात सगळ्यांना सांगितलं होतं की मी एका फूड कंपनीत आहे. खरं तर मी शहराच्या पश्चिमेला, काचेच्या इमारतींच्या गर्दीत असलेल्या एका छोट्या ब्रुअरीत बीअर बनवत होते. तिथेच टाक्या, तिथेच नळ, तिथेच गिऱ्हाइकांची टेबलं. काकूंनी विचारलं, "तिथं काय करायलीस तू?" तेव्हा माझ्याने खोटं बोलवलं नाही. सामान बांधायचंच आहे असं समजून मी सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, "कडू असते म्हणे."

"हो."

"कशानं?"

हॉप्स नावाची एका वेलीची फुलं असतात, ती उकळताना घालतात, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन आले. फुलं नव्हेत, फुलं दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, गुरांच्या पेंडीसारख्या दिसणाऱ्या. काकूंनी एक गोळी तळहातावर चुरली, ओंजळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "संत्र्याची साल. वाळलेलं गवत. आणि..." त्या थांबल्या, परत वास घेतला. "आणि मांजर." मी हसले नाही, कारण त्या जातीच्या हॉप्सबद्दल आमच्या धंद्यातली माणसं अगदी हेच म्हणतात.

मग बीअर घरी येऊ लागली. औषधाच्या बाटलीवर जे प्लॅस्टिकचं मापाचं झाकण असतं ना, तशी झाकणं काकूंनी आयुष्यभर जमवून ठेवली होती. बीअर त्यांतून चाखली जाई. सुरुवातीला त्या घोट तोंडात फिरवून मोरीत थुंकत. "मी पीत नाही, तपासते," हे दर वेळी सांगत. मी एकदा भीत भीत म्हणाले की काकू, बीअरचा कडूपणा गिळल्यावर कळतो, थुंकून निम्माच कळतो. त्यांनी त्यावर आठवडाभर विचार केला. मग एक दिवस म्हणाल्या, "ताप नसताना तापाची औषधं गिळलीच ना मी. कामासाठी गिळायला हरकत नाही." फक्त गुरुवार वर्ज्य. गुरुवारी त्यांचा उपास असे.

मला त्या दिवसांत एका बीअरने पछाडलं होतं. दारू कमी, पण हॉप्स भरपूर, अशी. माणसाला गप्पा मारत दोन-तीन ग्लास पिता यावेत आणि तरी सरळ पावलांनी घरी जाता यावं. ऐकायला सोपं वाटतं, पण दारू कमी करायची तर धान्य कमी घालावं लागतं, आणि धान्य कमी झालं की बीअर पाण्यासारखी पातळ होते. मग हॉप्सचा तेवढाच कडूपणा नुसता बोचतो. आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना ही कल्पनाच पटत नव्हती.

"मेडम, हल्का बीयर कौन पीता? लोगां पैसा देको पानी पीते क्या?"

ते वाईट बोलत नव्हते, त्यांना दुकान चालवायचं होतं. पण एक दिवस काकू ब्रुअरी बघायला आल्या. अण्णांनी कौतुकाने त्यांना आमची गव्हाची बीअर दिली. काकूंनी स्वतःच्या पर्समधून झाकण काढलं, त्यात थोडी ओतून प्यायल्या, आणि म्हणाल्या की रबराचा वास येतो, कुठली तरी नळी बदला. नळी खरंच बदलायची राहिली होती. तेव्हापासून अण्णा त्यांना अम्मा म्हणू लागले. आणि माझ्या बीअरचाही निकाल त्यांनी अम्मांवर सोपवला. "अम्मा पास बोले तो नल को लगाते. नै बोले तो ये हल्के बीयर का बात बंद."

काकूंनी मला एकामागून एक नापास करायला सुरुवात केली. पहिल्या बीअरला त्या म्हणाल्या, "अंग नाही आणि आवाज केवढा!" दुसरी कडुनिंबावर गेली. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणाले की मग साखर राहू देते थोडी, गोडाखाली झाकलं जाईल. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून शिरले होते. "कडू झाकायचा नसतो गं. त्याला बसायला पाट द्यायचा असतो." औषधं सरबतासारखी दाट का करतात ते मग त्यांनी मला समजावलं. बीअरला अंग यावं म्हणून मी जाऊन ओट्स घातले, धान्य भिजवायच्या पाण्याची उष्णता वाढवली, निम्म्याहून जास्त हॉप्स उकळून झाल्यावर, शेवटी टाकले. आणि एक आणखी गोष्ट त्यांनी शिकवली. झाकणावर निकाल द्यायचा नाही. झाकण फरक ओळखायला. निकाल द्यायचा तर पूर्ण ग्लास प्यायचा, तोही बोलत बोलत.

त्याची एक गोष्ट त्या सांगत. कंपनीत खोकल्याच्या एका औषधाला सगळ्यांनी मान्यता दिली होती, काकू एकट्या अडून बसल्या. उत्पादन विभागाचे साहेब तणतणत आले. काकूंनी त्यांना बसवलं, मुलाला देतात तेवढं औषध प्यायला लावलं आणि त्यांच्या गावच्या जत्रेबद्दल विचारलं. साहेब रंगात येऊन बोलू लागले. पालखी निघते तिथपर्यंत आले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "थेंबभर चाखून हे कळत नाही," काकू म्हणाल्या, "मागनं येतं ते."

रोज संध्याकाळी त्या माझ्यापुढेही तीन झाकणं ठेवत. कधी बीअर, कधी ताक, कधी नुसतं पाणी, एकात मिठाचा कण टाकलेलं. आधी मी धडाधड चुकत असे. हळूहळू कमी चुकू लागले. यात शिकवणं आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला वाटायचं, म्हातारीचा विरंगुळा आहे, आपण साथ देतोय.

मग काकूंना ताप आला. चार-पाच दिवसांत उतरला, खोकलाही गेला. एका सकाळी मी खाली उतरले तर सगळ्या जिन्यात करपलेल्या दुधाचा वास भरला होता. स्वयंपाकघरात पातेलं काळं पडलं होतं आणि काकू शेजारच्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत होत्या. मी गॅस बंद केला. काकू दारात आल्या, पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

त्यानंतर माझ्यापुढे रोज झाकणं ठेवत, पण स्वतः चाखायचं टाळू लागल्या. आज नको, डोकं जड आहे. आज नको, श्रावण लागलाय. शेजारच्या बाई दर वर्षीसारख्या लोणच्याचा मसाला दाखवायला आल्या, तर काकूंनी चिमूट तोंडात टाकून नुसतंच "हौ, ठीक आहे" म्हटलं. 'ठीक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वास परत येईल किंवा येणारही नाही, आणि या वयात जिभेचंही काही सांगता येत नाही. हे मला मागाहून कळलं, पण कळायची गरज नव्हती. मला काकूंची भीती दिसत होती. त्या घरी माणसं यायची ती काही तरी चाखून घ्यायला, कुणाचा मसाला, कुणाचं लोणचं, जुन्या ऑफिसमधल्या कुणाचा फोन. त्यांना काही विचारायचं उरलंच नाही तर जिना चढून कोण येणार? मुलगी इंदूरला. मला त्यांची फार काळजी वाटू लागली, आणि आपण काही बोलू नये असंही वाटू लागलं.

तोवर माझी नवी बीअर तयार झाली होती. अण्णांना टाकी मोकळी हवी होती, त्यांनी माझ्याबरोबर अम्मांना निरोपावर निरोप पाठवले. शेवटी एका दुपारी काकू स्वतःच म्हणाल्या, "चल."

ब्रुअरीत टेबलं रिकामी होती. अण्णा समोर बसले. मी ग्लास भरायला उठले तर काकूंनी पर्समधून तीन झाकणं काढून माझ्या हातात दिली. "आधी मला लाव. ही नवी आणि ती पहिली, बाटलीत राहिलेली पातळवाली. आणि सोपं नक्को लावू."

"काकू, कशाला?"

"सांगते ते ऐक. आमच्याकडे एक मोठे साहेब होते. मला चव घ्यायला त्यांनीच शिकवलं. त्यांची जीभ गेली. आम्हा सगळ्यांना कळालं होतं. पण एवढा मोठा माणूस, कोण बोलणार? आम्ही हातानं खुणा करून त्यांना बरोबर उत्तर सुचवायचो, वर्षभर. मग एक औषध असं बाहेर गेलं की पोरं उलट्या करायची. साहेबांनी आमच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळालं की आम्हाला माहीत होतं." काकूंनी पर्स मिटली. "त्याच्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. नमस्कार करायला पण भेटले नाहीत. जा, लाव."

मी पडद्यामागे जाऊन झाकणं भरली. निराळ्या झाकणाच्या तळाला नेहमीसारखी खूण केली. त्या दोन बीअरमधला फरक आमच्या कुठल्याही वेटरने डोळे मिटून सांगितला असता. 

काकूंनी सगळं नेहमीसारखं केलं. कोमट पाण्याने चूळ भरली. प्रत्येक झाकण नाकाशी नेलं, तेवढाच वेळ धरलं. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि पुन्हा उलट्या क्रमाने. मग डावीकडचं पुढे सरकवलं.

"नक्की नाही, पण ही." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर?"

'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. माझी बीअर नळाला लागली असती, काकू काकू राहिल्या असत्या, अण्णांना काय कळणार होतं? त्या मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही, काकू. चुकलं."

त्यांनी झाकण उलटं करून तळाची खूण बघितली आणि हळूच परत ठेवलं. मग अण्णांकडे वळल्या. "अण्णा, मेरी जबान गई. आज से मेरा पास-नापास मत मानो."

अण्णा गडबडले. "अरे अम्मा, उम्र में होता, कुछ नै होता..."

"होता है. इसलिए बोल रही हूँ." मग माझ्याकडे बोट करून मराठीतच म्हणाल्या, आणि अण्णांना ते अर्थासकट कळलं, "बीअर मी पास करू शकत नाही. ही पोरगी पास आहे. रोज झाकणं लावते मी तिला, महिनाभरात एकदा पण चुकली नाही. आता हिला विचारायचं."

"तो बोलो मेडम," अण्णा म्हणाले.

स्वतःच्याच बीअरचा निकाल द्यायचा होता. मी ग्लास भरून घेतला. अण्णांना त्यांच्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलं आणि त्यांचं ऐकत ऐकत प्यायले. कडूपणा जिभेच्या कडांना लागत होता, बसत होता आणि वेळेवर उठून जात होता. शेवटी जरा कोरडं पडत होतं. ग्लास संपला तेव्हा माझा हात आपण होऊन नळाकडे गेला होता.

"मागून थोडी कोरडी आहे. ते पुढच्या वेळी सुधारेन. पण पास," मी म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि नळ मोकळा करायला सांगितला.

परतताना मेट्रोत काकू म्हणाल्या, "तू हो म्हणाली असतीस तर उद्याच खोली सोडायला लावली असती तुला." मी म्हटलं, माहीत आहे. आणि मग त्या रडल्या, सगळ्या डब्यासमोर, पदर तोंडाला लावून. "जेवण म्हणजे नुस्तं चावणं झालंय गं," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

त्या हिवाळ्यात शेजारच्या बायका वाट्या घेऊन आल्या की काकू त्यांना वर माझ्याकडे पाठवत आणि स्वतः खुर्ची घेऊन समोर बसत, मी नीट चाखते की नाही ते बघायला. पुढे मला पुण्यात काम मिळालं. काकूंच्या जिभेचं थोडं परत आलं, आंबट आणि तिखट कळतं म्हणतात. वास काही आला नाही.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. "आज काय करायलीस?" तेव्हाच दोघींचा बेत ठरतो, आणि इकडे मी, तिकडे त्या, एकच स्वयंपाक करतो. गेल्या रविवारी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. पानं वाढून झाली की मी फोन तांब्याला टेकवून ठेवते. पहिला घास मी घ्यायचा. मी चावते आणि सांगत जाते, आंबटपणा आधी गालात येतोय, मागून लसूण, लसणाची एखादी पाकळी करपलीय, भाकरीला चुलीचा नाही पण तव्याचा वास आहे. काकू मध्येच अडवतात. "लसूण वरनं घातलेला का आतला?" मी आणखी एक घास घेते, नीट चावते आणि सांगते, वरनं घातलेला. पलीकडून भाकरी मोडल्याचा आवाज येतो आणि काकू जेवायला लागतात.